भरपूर श्रद्धांजली

खोडरबर काका जाऊन नऊ दिवस झाले, आणि फळीवर त्यांच्याविषयी अवघ्या दोन ओळी आल्या होत्या.

पहिली हार्डवेअरवाल्याची: "माझी शिडी काकांकडेच आहे. घाई नाही."

दुसरी बेकरीवालीची: "भरपूर श्रद्धांजली."

काकूंनी चष्मा पदराने पुसला आणि फोन पुन्हा डोळ्यांजवळ धरला. "भरपूर म्हणजे किती गं?"

"पोटभर म्हणायचं असेल," सोबतीला येऊन राहिलेली धाकटी बहीण म्हणाली. "बेकरीवाली ना ती."

फळी म्हणजे गल्लीची आपली बोलायची जागा. काकूंच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या नि साखरेच्या डब्यांमध्ये, एक काळं यंत्र फळीवर बसलेलं असे आणि त्रेसष्ट घरांच्या फोनांवरचं बोलणं त्यातून ये-जा करी. पूर्वी सगळे एका मोठ्या कंपनीच्या ॲपवर बोलत. मग हरवलेलं मांजर शोधायचं तरी आधी गाद्यांच्या चार जाहिराती बघाव्या लागू लागल्या, आणि एके सकाळी कंपनीने कुणालाही न विचारता गल्लीचे जुने फोटो पुसून टाकले. तेव्हा काका म्हणाले, "आपलं बोलणं आपल्याच घरात ठेवू." त्याला अकरा वर्षं झाली. यंत्राची धूळ पुसायची पाळी इस्त्रीवाल्याची, वीज गेली की बेकरीवालीच्या बॅटरीची वायर खिडकीतून आत. फळी कुणाच्या बापाची नव्हती, म्हणून सगळ्यांची होती. यंत्राचा कागद तेवढा काकांच्या नावावर होता. तो आता काकूंच्या नावावर आला होता.

काका छापखान्यात मुद्रितशोधक. लोकांच्या चुका खोडण्यात चाळीस वर्षं गेली, म्हणून खोडरबर. त्यांना दोन गोष्टींचा तिटकारा होता: चुकलेली वेलांटी आणि उसनं वाक्य. वेलांट्या ते रोज सकाळी स्वतः दुरुस्त करत. उसन्या वाक्यांसाठी त्यांनी यंत्रालाच शिकवून ठेवलं होतं: एक वाक्य फळीवर एकदाच. दुसऱ्यांदा आलं की यंत्र ते परत करी आणि खाली काकांचे शब्द उमटत, "हे आधी येऊन गेलंय. आपलं काही सांगा." नुसत्या हो-नाहीला तेवढी सूट होती.

या नियमाचा खरा काच काकूंना. काकांना ऐकू कमी येई. ते पुढच्या खोलीत लाल पेन घेऊन बसत, आणि काकूंनी स्वयंपाकघरातून फळीवर लिहिलं, "जेवायला या." एक दिवस हे चाललं. दुसऱ्या दिवशी यंत्राने परत केलं. मग "पानं मांडलीत." मग "भात निवतो, जीव शिणतो." मग "ताट बघतं वाट, तुम्ही बघता कुणाची." अकरा वर्षं, रोज एक नवी ओळ. "तुमच्या यंत्रापायी माझा स्वयंपाक कमी नि कवनंच फार," अशी त्यांची कुरकुर असे. ती ओळ आली की अख्खी गल्ली जेवायला उठे. गेले नऊ दिवस गल्ली वाटेल तेव्हा जेवत होती.

"मी शिडी नेऊन देते आधी," धाकटी म्हणाली. "माणूस गेलं आणि यांना शिडी दिसते."

"अगं, जड आहे."

"शब्दांपेक्षा हलकी आहे."

शिडी खांद्यावर घेऊन धाकटी तणतणत निघाली. हार्डवेअरच्या दुकानापाशी तिने ठसक्यात वळण घेतलं. शिडीचं पुढचं टोक दुकानाच्या दारात टेकलं, ते ठीक. मागच्या टोकाने मात्र इस्त्रीवाल्याच्या टेबलावरची शर्टांची अख्खी चळत उचलून गटाराकाठी नेऊन ठेवली.

"ताई, सकाळपासूनचं काम गेलं ओ," इस्त्रीवाला कळवळला.

"आमचं तर माणूस गेलं. त्याच्यासाठी दोन शब्द टाकले नाहीत कुणी. शर्टांचंच पाळा सुतक."

इस्त्रीवाला खाली वाकून शर्ट गोळा करू लागला.

हार्डवेअरवाला मात्र फार ओशाळला. त्याने फळीवर लिहिलं, "माफ करा." परत आलं, गल्लीत अकरा वर्षांत एवढी माफी मागून झाली होती की तो शब्द कधीच खपला होता. मग त्याने घाम पुसत नवीन वाक्य जुळवलं. ते संध्याकाळी धाकटीने मोठ्याने वाचलं: "शिडीचं मला फार वाईट वाटलं."

"बघ," ती म्हणाली. "शिडीचं."

दुसऱ्या दिवशी मोठ्या कंपनीचा माणूस तिसऱ्यांदा आला, तेव्हा काकूंनी त्याला पहिल्यांदाच खुर्ची दिली.

"काकू, या वयात हा भार कशाला," तो मऊ आवाजात म्हणाला. "यंत्र आम्ही नेतो. गल्ली आमच्याकडे येईल, कुणाला काही करावं लागणार नाही. नियम नाहीत. दुःखासाठी वेगळं बटण आहे. दाबलं की फूल येतं."

"कसलं?"

"म्हणजे?"

"फूल कसलं येतं?"

"फूल... फुलासारखंच येतं."

काकूंनी फळीकडे पाहिलं. "ज्यांच्यासाठी त्यांनी हे केलं, त्यांना त्यांच्यासाठी एक ओळ सुचली नाही. न्या तुम्ही. उद्या अकराला या, सही करते."

धाकटीने ही बातमी फळीवर टाकली. वाक्य नवीन होतं. यंत्राने निमूट घेतलं.

सकाळी अकराला कंपनीचा माणूस काचेची पाटी घेऊन आला, त्याच्या पाठोपाठ हार्डवेअरवाला, बेकरीवाली आणि इस्त्रीवाला. दाराबाहेर चपलांची रास वाढत गेली.

"आता कशाला आलात?" धाकटीने विचारलं. "अजून काही द्यायचं राहिलंय का तुमचं?"

"आम्ही लिहिलं होतं," बेकरीवाली म्हणाली. "यंत्र घेईना. गाळात बघा, काकू."

गाळ म्हणजे परत केलेलं जिथे पडे तो कप्पा. काका तो रोज सकाळी उघडत. काकूंना त्याची आठवणच राहिली नव्हती. त्यांनी उघडला. "भावपूर्ण श्रद्धांजली." "भावपूर्ण श्रद्धांजली." बोटाने वर सारावं तर खाली तेच. एकशे त्रेचाळीस वेळा. हे दोन शब्द पहिल्याच वर्षी, गल्लीचा पोस्टमन गेला तेव्हा, कुणीतरी वापरून टाकले होते. एकट्या इस्त्रीवाल्याचे अकरा प्रयत्न होते: टिंब देऊन, टिंब काढून, दोन टिंबं देऊन. शेवटी त्याने लिहिलं होतं, "काय लिहू." तेही आधी येऊन गेलेलं होतं.

"मीपण भावपूर्णच लिहिलं होतं," बेकरीवाली पुटपुटली. "फोनने भरपूर केलं. ते गेलं."

"मग इतके लोक गेले मधल्या वर्षांत, त्यांचं कसं लिहिलंत?" धाकटीने विचारलं.

इस्त्रीवाला पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "काका यायचे ना घरी. समोर बसायचे आणि विचारायचे, काय आठवतं. मग आम्ही सांगायचो. या वेळी विचारायला कुणी आलं नाही."

यंत्राचा बारीकसा घूं-घूं आवाज तेवढा येत होता, जात्याच्या पोटातून यावा तसा. कंपनीच्या माणसाने पाटी हळूच पुढे केली. "इथे फक्त बोट फिरवायचं."

काकूंनी बोट उचललं, पण ते इस्त्रीवाल्याच्या हातातल्या पुडक्याकडे वळलं. "ते काय आहे?"

"त्यांचे शर्ट. शेवटचे दोन. द्यायला धीर होत नव्हता."

"काय आठवतं?" काकूंनी विचारलं.

"खिशाला लाल शाईचा डाग असायचा," तो म्हणाला. "वीस वर्षं घासला, गेला नाही. नंतर मी घासायचंच सोडलं. डाग गेला तर शर्ट कुणाचा, कळायचं कसं."

काकूंनी पुडकं मांडीवर घेतलं. वरच्या शर्टाच्या खिशावरून त्यांनी अंगठा फिरवला. मग कंपनीच्या माणसाला म्हणाल्या, "तुमच्याकडे तेच तेच लिहिता येतं ना?"

"हवं तितक्यांदा."

"मग नको."

तो गेला. जाताना दारातल्या राशीत त्याला स्वतःचे बूट सापडेनात, ते शोधायला शिडीवाल्याने मदत केली. तोवर आत इस्त्रीवाल्याचा डाग फळीवर चढला होता. बेकरीवालीने लिहिलं, की काका पावाच्या कागदावरच्या चुकासुद्धा खोडून कागद परत आणून देत. हार्डवेअरवाल्याने लिहिलं, की शिडी काकांनी नेली ती त्याच्याच पाटीवरची वेलांटी पुसायला, आणि आता ती चुकीची वेलांटी तो तशीच ठेवणार आहे.

"आणि माझं ते भरपूर?" बेकरीवालीने विचारलं. "काढू का?"

"राहू दे," काकू म्हणाल्या. "त्यांनी खोडलं असतं. पण राहू दे."

दुपारी सगळे पांगले. धाकटी जेवण नको म्हणून आतल्या खोलीत लवंडली. काकूंनी भात उतरवला, सवयीने दोन पानं घेतली, दोन पेले, दोन पाट. मग ओल्या हातानेच फोन घेऊन लिहिलं, "जेवायला या."

"हे आधी येऊन गेलंय," यंत्र म्हणालं. "आपलं काही सांगा."

काकूंना हसू आलं. मग ते तिथेच थांबलं. त्यांनी पुढच्या खोलीतल्या रिकाम्या खुर्चीकडे बराच वेळ पाहिलं. उठून एक पान उचललं, पुसलं, मांडणीवर उभं करून ठेवलं. आणि सावकाश, एकेक अक्षर बघून, वेलांट्या नीट देऊन लिहिलं:

"आज पान एकच मांडलंय."

असं आधी कुणी लिहिलेलं नव्हतं. यंत्राने ते घेतलं.

थोड्या वेळाने समोरच्या घरात ताट वाजलं. मग शेजारी. मग पार टोकापर्यंत, एकेका खिडकीतून. अकरा दिवसांनी गल्ली वेळेवर जेवायला बसली होती.