सूर्य-दुर्बिणीवरचा मांडव

एका जंगलात सूर्य उगवत असे. तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय? पण बाळांनो, तिथल्या मंडळींना वाटे की तो इतर कुठे उगवतच नाही. पुढे पाखरांकडून कळलं की बर्फाच्या जंगलात, वाळूच्या जंगलात आणि समुद्रातल्या बेटावरच्या जंगलातही सूर्य आहे. चौकशी केली तर तो एकच निघाला. मग चारही जंगलांनी ठरवलं, एकच आहे तर मिळून बघू.

खरी निकड होती ती हौसाक्काला. हौसाक्का म्हणजे करकोचीण. दर हिवाळ्यात ती थव्यासकट या जंगलातल्या तळ्यावर येई आणि उन्हं तापू लागली की बर्फाच्या जंगलात परत जाई. वाट फार लांबची, पण पाखरांच्या डोक्यात दिशा पक्की असते. फक्त सूर्य बिथरला की ती फिरते. आणि बिथरण्याआधी त्याच्या तोंडावर काळा डाग उठतो, असं करकोच्यांतली जुनी मंडळी सांगत.

गेल्या साली डाग उठला तो कुणाला दिसलाच नाही. थवा भलतीकडे गेला. हौसाक्काचा थोरला वाळूच्या जंगलात उतरला तो उतरलाच. आता तिथलीच बायको केलीय, तिथलीच बोली बोलतो. खुशालीचा निरोप येतो, नाही असं नाही. पण आईचा जीव तो आईचा जीव. यंदा इथं तळ्यावरच जन्मलेली धाकटी बारकी पहिल्यांदाच एवढं लांब उडणार होती. ही तरी आपल्या पंखाशी राहावी, एवढंच हौसाक्काचं मागणं होतं.

तर दुर्बीण झाली. वाळूच्या जंगलानं काच ओतली. बेटावरच्यांनी शिंपला घासून आरसा केला. डोळा भाजू नये म्हणून बर्फाच्या जंगलानं धुरकट भिंग दिलं. आपल्या जंगलानं बांबूची नळी दिली आणि अध्यक्ष दिला. अध्यक्ष म्हणजे दादासाहेब रानगवे. त्यांना सूर्यातलं काही कळत नसे, पण हार घालून घ्यायला मान चांगली होती.

उद्घाटनाला बाहेरचे पाहुणे आले. वाळूकडून उंट आला, बेटावरून कासव आलं, बर्फाकडून पांढरं अस्वल आलं. टेकडीवर रणरणतं ऊन. अस्वलाच्या अंगावरून घामाच्या धारा लागल्या. दादासाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पाहुण्यांना उन्हात बसवता? चार जंगलांत तोंड दाखवायला जागा राहील का आपल्याला?"

झालं. घटकाभरात टेकडीवर मांडव उभा राहिला. तांबडं कापड, त्यावर पिवळे पट्टे, कडेनं झालर. अख्खी टेकडी झाकली आणि टेकडीबरोबर दुर्बीणही झाकली. नारळ फुटला, हार झाले, पन्हं झालं. मग एकेकानं दुर्बिणीला डोळा लावला.

"सूर्य तांबडा आहे," अस्वल म्हणालं.

"त्यावर पिवळे पट्टे आहेत," उंट म्हणाला.

कासवानं निवांत बघितलं. अभ्यासू होतं ते. म्हणालं, "आणि कडेला झालर आहे."

दादासाहेबांना गहिवरून आलं. इतक्या लांबून आलेली माणसं, म्हणजे जनावरं, आणि एका शब्दाचाही मतभेद नाही. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की सूर्यावर काळा डाग नाही, करकोच्यांनी उद्या खुशाल निघावं.

हौसाक्का मांडवाच्या कडेला उभी होती. ती पुढे झाली.

"दादासाहेब, तो सूर्य नाही. मांडव आहे तो."

"कुठला मांडव?"

"हा काय, तुमच्या डोक्यावरचा. तेवढा काढा की."

"आणि पाहुण्यांना ऊन लागलं म्हणजे?"

"अहो, पाहुणे सूर्य बघायलाच आलेत ना?"

"सूर्य बघायला आलेत, हौसाक्का. ऊन खायला नाही."

उंटानं मध्ये मान घातली. तो कायदा शिकलेला होता. म्हणाला, "ताई, मांडव आता संयुक्त झाला. काढायचा तर चारही जंगलांची संमती लागेल."

"मग आणा की संमती."

"आणू. पण एवढ्या लांब जायचं कुणी? तुमचा थवा उद्या निघतोय, त्याच्याबरोबरच अर्ज पाठवू."

हौसाक्कानं मनात हिशेब मांडला. उडावं की नाही हे कळायला मांडव काढायचा, आणि मांडव काढायला आधी उडायचं. बाळांनो, अशा वेळी मोठी माणसं हसतात किंवा रडतात. तिनं दोन्ही केलं नाही, कारण तेवढ्यात पंगत बसली आणि सगळे पानांवर गेले.

सूर्य बुडायला आला होता. हौसाक्कानं दुर्बिणीचं तोंड चोचीत धरलं आणि ओढून ओढून खाली केलं, अगदी झालरीच्या खालपर्यंत. मग डोळा लावला.

आणि सूर्य दिसला. केवढा स्वच्छ. काठ कातरल्यासारखे, आणि वरच्या अंगाला काळा डाग, करपलेल्या भाकरीवर असतो तसा. तरी क्षणभर तिला वाटलं, काय सुंदर वस्तू केलीय यांनी. कुणाची काच, कुणाचा आरसा, आणि किती मनापासून. इतकं चांगलं काम करून वर पांघरूण घालायची बुद्धी यांना झाली तरी कशी?

सकाळी तळ्यावर निरोप द्यायला सगळे जमले. हौसाक्का म्हणाली, "आम्ही थांबतोय. सूर्यावर डाग आहे."

"शक्य नाही," दादासाहेब म्हणाले. "अहवाल घेऊन कबुतरं गेलीसुद्धा. चारही जंगलांनी खात्री केलीय."

हौसाक्कानं बारकीकडे बघितलं. मग जरा विचार करून म्हणाली, "शिवाय आज अमावास्या आहे. आणि पुढचे दोन-चार दिवसही बरे नाहीत."

"मग हे आधी सांगायचं," दादासाहेब म्हणाले. अस्वलानं मान हलवली. उंट म्हणाला, मुहूर्त नसेल तर कायदाही काही करू शकत नाही. कासव तर म्हणालं, आमच्या बेटावर अमावास्येला शिंपलासुद्धा उघडत नाहीत. थवा थांबला.

तिसऱ्या दिवशी सूर्य बिथरला. अहवाल घेऊन गेलेली कबुतरं तीन जंगलांत जायची ती तिन्ही चुकली, आणि सगळी मिळून कापसाच्या जंगलात उतरली. या जंगलाचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. तिथल्या मंडळींनी अहवाल वाचला आणि उलट टपाली कळवलं की आमचाही सूर्य हुबेहूब असाच आहे, आम्हाला सहकार्यात घ्या. सोबत कापडाचा तागा पाठवला. दादासाहेबांनी त्यांना पाचवं सभासद करून घेतलं आणि मांडव दुहेरी केला.

सूर्य शांत झाल्यावर थवा निघाला. चोचीत अर्ज होता, पंखाशी बारकी होती. टेकडीवरून जाताना बारकीनं खाली बघितलं.

"आई, ते तांबडं-पिवळं काय गं?"

"तो सूर्य, बाई. पाच जंगलांचा."

"मग हा वरचा?"

"हा आपला. याच्याकडे लक्ष ठेवून उडायचं."

वाटेत वाळूचं जंगल लागलं. थोरला बायकोपोरांना घेऊन टेकाडावर उभा होता. त्याची बोली कुणाला कळली नाही, पण हौसाक्काला सगळं कळलं. एक रात्र तिथं राहून थवा पुढे गेला, आणि बारकीसकट घरी पोचला.

तात्पर्य : कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपली जुनी माणसं सांगून गेली. बिचाऱ्यांनी कोंबडं एकेकट्यानं झाकून बघितलं होतं. एकीचं बळ काय असतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.