दहापैकी दोन

ताडकळसच्या किशनरावांना वयाच्या बासष्टाव्या वर्षी दहापैकी दोन मार्क पडले, आणि ही बातमी त्यांच्या आधी सोनपेठला दिलेल्या लेकीला कळली.

"दादा, मायला वांगं आवडतं असं कुणी सांगितलं तुमाला?" धम्मशीला फोनवर हसू दाबत विचारत होती.

"तुला कसं कळलं?"

"ग्रुपवर आलंय की. आमच्या सासूबाई बी वाचायल्यात."

किशनरावांनी फोन ठेवला आणि आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथं त्यांचा मुलगा सिद्धोधन लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. सिद्धोधन समाजमाध्यमांवर खेळायचे गेम बनवायचा. लोकांची पोरं गेम खेळून वाया जातात, आपलं गेम बनवून पोट भरतं, असं किशनराव कौतुकानं सांगत. आता हे कौतुक त्यांच्याच अंगाशी आलं होतं.

नव्या गेमचं नाव होतं 'वळखा पाहू'. बायकोनं स्वतःबद्दलच्या दहा प्रश्नांची उत्तरं भरायची आणि नवऱ्यानं ती ओळखायची. निकालाचं कार्ड आपोआप पाहुण्यारावळ्यांच्या ग्रुपवर जायचं. चुकलेली उत्तरं त्यावर लाल रंगात दिसायची, पण बरोबर उत्तर काय ते गेम सांगायचा नाही. सांगितलं तर माणूस परत कशाला येईल, हे सिद्धोधनचं शास्त्र. पुण्याच्या एका कंपनीला हा गेम अजून पसंत पडायचा होता, म्हणून पहिली चाचणी घरातच झाली.

सरजाबाईंनी भाकरीचं पीठ हाताला असतानाच उत्तरं सांगितली होती. एकदा थांबून त्यांनी पोराला विचारलंही होतं, "आज एक आवडलं अन् उद्या मन फिरलं तर रं?"

"मग हे बटन दाबून बदलायचं, माय. माणसाचं मन हाय, बदलणारच."

किशनरावांना असली काही शंका नव्हती. एसटीत कंडक्टर म्हणून त्यांनी उभी हयात काढली होती. कुठला म्हातारा कुठल्या फाट्यावर उतरतो, कुठली बाई आठ वर्षांच्या पोराला चारचं सांगते, सगळं त्यांच्या डोक्यात. झोपलेल्या प्रवाशाला त्याच्याच गावाला हलवून उठवणारा माणूस तो. "बायकोचंच इचारणार ना? दहापैकी दहा," असं म्हणून त्यांनी ऐटीत फोन हातात घेतला होता.

आवडती भाजी? वांगं. घरात कायम तीच होते. चहा कसा? गोड. साडीचा रंग? हिरवा, दर जयंतीच्या आधी ते स्वतःच तर आणतात. गाडीत कुठं बसायला आवडतं? कंडक्टरशेजारी, हे काय विचारणं झालं. एकदा तरी कुठं जायचंय? माहेरी, दुसरं कुठं जाणार. सगळं चूक. सासूचं नाव आणि ओला टॉवेल बाजेवर टाकला की सरजाबाईंचं डोकं फिरतं, एवढी दोनच बरोबर आली.

बरं, नुसते मार्क असते तर एक वेळ चाललं असतं. पण कमी मार्कांसाठी सिद्धोधननं कार्डाखाली एक ओळ लिहून ठेवली होती. 'आपण ह्या घरात पाहुणे आहात काय?' लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर दुसऱ्यांचे बाप होते.

"काढून टाक ते," किशनराव म्हणाले.

"दादा, आता कसं निघंल? परभणीच्या मामानं पुढं पाठवलंय, तिथल्या तीन ग्रुपात गेलंय. लोक लय खेळायलेत." पोराच्या आवाजात काळजीपेक्षा आनंद जास्त होता. त्याचंही बरोबर होतं, कंपनीला आकडे पाहिजे होते.

लोक खरंच खेळत होते. कार्डाखाली 'आता तुमची पाळी' असं बटण होतं, आणि बायका ते आपापल्या नवऱ्यांपुढे धरत होत्या. परभणीच्या मामाला भोपळा मिळाला. शेजारच्या सिताराम टेलरला एकच मार्क पडला. गावभर बायकांची मापं तोंडपाठ असलेला सिताराम स्वतःच्या बायकोच्या मापातच चुकला. त्याच्या बायकोनं, सुमनबाईंनी, भांडण केलं नाही, फक्त त्याचा दुपारचा डबा दुकानावर पाठवायचा बंद केला.

दुसऱ्या दिवशी सितारामच्या दुकानात नापास नवऱ्यांची बैठक बसली.

"किशनराव, तुमच्या पोरानं गावाला काडी लावली," सिताराम भुकेल्या आवाजात म्हणाला. "आता ती तुमीच इझवा. पुन्हा खेळा अन् पास व्हा. आपल्यातला एक जरी पास झाला तरी समद्याची इज्जत ऱ्हाईल."

"पुन्हा खेळायचं तर उत्तरं पाहिजेत."

"इचारा की वहिनीला."

"इचारलं तर कॉपी झाली ना. मी जलमभर बिनतिकिटवाले पकडले, आता मीच तसा जाऊ का?"

रविवारी सकाळी परीक्षा ठरली. मधल्या दिवसांत किशनरावांनी अभ्यास सुरू केला, म्हणजे ते स्वयंपाकघरात जाऊन बसू लागले. आजवर त्यांनी तिथं ताटापुरतंच लक्ष दिलं होतं.

"अवं, काय मांजरावानी पायात पायात करायलेत?" सरजाबाई वैतागल्या.

"बसलोय नुसता. बसू बी देत न्हाईस का?"

पण कंडक्टरची नजर ती, एकदा लागली की सुटत नाही. सरजाबाई आधी स्वतःचा कप गाळून घेतात आणि मग पातेल्यात साखर टाकतात, हे त्यांना पहिल्याच सकाळी दिसलं. इतकी वर्षं शेजारी बसून चहा प्यायले, पण दुसऱ्याच्या कपात डोकावायची वेळ आली नव्हती. दुपारी सुमनबाईंनी अंबाडीच्या भाजीची वाटी दिली, तर सरजाबाईंनी ती चुलीपाशी उभ्या उभ्याच संपवली. किशनरावांचे दात अंबाडीनं आंबतात, म्हणून ती घरात शिजतच नव्हती. सरजाबाईंनी जत्रेत स्वतः घेतलेली जांभळी साडी पेटीच्या तळाशी घडी न मोडता पडलेली होती. एकेक उत्तर सापडत गेलं तसा किशनरावांचा चेहरा उजळण्याऐवजी उतरत गेला.

अडत होतं ते एकाच प्रश्नावर. बाईला जायचंय तरी कुठं?

शनिवारी संध्याकाळी फोनवर बातमी आली, येलदरी धरणाचे दरवाजे उघडले. किशनरावांनी बरीच वर्षं त्या मार्गावर काम केलेलं. ते सवयीनं सांगू लागले, "तिथं पाणी दिसायच्या आधी..."

"आवाज येतो," सरजाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "मग वळण येतं. मग गाडीच्या काचंवर बारीक तुषार येतेत, अन् प्रवासी समदे एकाच बाजूला जातेत. डायवर वरडतो, गाडी कलली म्हणून."

किशनराव बघत राहिले. "तुला कसं म्हाईत? तू तर कदी गेलीच न्हाईस."

"तुमीच सांगत होते की. दर पावसाळ्यात."

किशनरावांना वाईट वाटलं. ग्रुपवर हसू झालं तेव्हा राग आला होता. हे नुसतं, सरळ वाईट वाटणं होतं. अख्ख्या जिल्ह्याला त्यांनी येलदरी दाखवून आणली होती, आणि जी सगळ्यात मन लावून ऐकत होती तिला कधी म्हणाले नव्हते, चल. त्या संध्याकाळी ते दोन भाकरी कमी जेवले, आणि सरजाबाईंनी ते बरोबर हेरलं. लोकांच्या हसण्यानं माणूस खंगायला लागला, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला.

रविवारी सकाळी ओसरीवर नापासांची गर्दी झाली. सिताराम सगळ्यांत पुढे बसला होता. सरजाबाई दारात उभ्या होत्या, कधी नव्हे त्या खुशीत. किशनरावांनी चष्मा पुसला आणि एकेक उत्तर टाकलं. अंबाडी. बिनसाखरेचा. जांभळा. खिडकीजवळ. येलदरीला तर त्यांनी बोट जरा जास्तच दाबलं. त्यांना आता मार्कांचं काही नव्हतं. आपल्याला कळलंय, हे तिला कळावं, एवढंच त्यांना पाहिजे होतं.

फोन वाजला. कार्ड ग्रुपवर गेलं. दहापैकी दोन. 'आपण ह्या घरात पाहुणे आहात काय?'

सितारामनं डबा न आलेल्या माणसासारखा लांब श्वास सोडला.

"तुह्या गेममधी बिघाड हाय," किशनराव पोराला म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

सिद्धोधननं घाईनं लॅपटॉप उघडला, खाली-वर पाहिलं आणि मान वर करून दाराकडे बघितलं. "माय, काल रात्री तू आठ उत्तरं बदललीस?"

सगळ्या माना दाराकडे वळल्या. सरजाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"त्यायनं पहिल्यांदा जे सांगितलं होतं, ते कार्डावर लाल रंगात होतंच की," त्या म्हणाल्या. "तेच भरलं मी. वांगं, गोड, हिरवा, समदं. म्हणलं, माणूस तेच सांगणार, दुसरं त्यायला काय म्हाईत? पास व्हतील बिचारे." मग नवऱ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "लोक तुमाला हसायलेत, ते मला न्हाई आवडत. तुमी कामून बदललं?"

"मला कळलं म्हणून," किशनराव म्हणाले.

"काय कळलं?"

"समदं न्हाई. आठ गोष्टी कळल्या."

सरजाबाईंनी पदर तोंडावरून डोळ्यांकडे नेला. ओसरीवरच्या मंडळींना एकाएकी आपापली कामं आठवली. जाता जाता सितारामनं भिंतीपलीकडे, सुमनबाईंच्या चुलीकडे आशेनं एक नजर टाकली.

ही हकीगत सिद्धोधननं ग्रुपवर टाकली आणि दुपारपर्यंत त्याचे आकडे उलटेपालटे झाले. 'पुन्हा खेळा' कुणीच दाबत नव्हतं. सगळा जोर 'उत्तर बदला'वर आला होता. सोनपेठपासून येलदरीपर्यंत बायका गुपचूप नवऱ्यांना पास करत होत्या. परभणीच्या मामाला भोपळ्यावरून एकदम नऊ पडले. सुमनबाईंनी मात्र काहीही बदललं नाही, पण सोमवारी डबा गेला.

"दादा, तुमचं कार्ड काढू का? आता निघतंय," सिद्धोधननं विचारलं.

"राहू दे," असं म्हणून किशनराव चप्पल शोधू लागले.

परभणीहून निघालेल्या येलदरीच्या गाडीत सरजाबाई खिडकीशी बसल्या होत्या. अंगावर जांभळी साडी होती, घडीच्या रेघा अजून तशाच. तिकिटाला आलेल्या कंडक्टरनं किशनरावांना ओळखलं आणि पुढची, आपल्या शेजारची सीट रिकामी करून देऊ केली.

"नको, हितंच बरंय," किशनराव म्हणाले. "येलदरी. एक फुल, एक बाईचं आर्धं."

जिंतूर मागं पडलं तशी वाऱ्यानं सरजाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी थोडा वेळ सोसलं, मग नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

"अवं, लय वारं लागायलंय. तुमी बसा हिकडं."

"खिडकीजवळ आवडतं ना तुला?"

"आवडत होतं," सरजाबाई उठत म्हणाल्या. "पोराला फोन करा, अजून एक बदलायचंय."