चिखलाचे पाच फायदे

तर मुलांनो, एका जंगलात एक शाळा होती. तिथे पिल्लांना मुकाट बसायला शिकवत. बाकीचे विषयही होते, पण ते वेळ उरला तर.

शाळेचा मुख्याध्यापक होता तरस. तो विनाकारण हसायचा. त्याच्यामागून सगळे मास्तर हसायचे, आणि त्यांना मात्र कारण होते.

एकदा राजा वाघ शेजारच्या जंगलात पाहुणा म्हणून गेला. तिथली पिल्ले म्हणे स्वतःच्या डोक्याने विचार करत. वाघाच्या मनाला ते फार लागले. परत आल्याबरोबर त्याने हुकूम सोडला, की आपल्याही पिल्लांनी पावसाळ्याआधी विचार करायला लागावे. जे करणार नाही त्याला उपाशी ठेवावे.

तरसाने लगेच 'स्वतंत्र विचार' हा विषय सक्तीचा केला. पण तो शिकवणार कोण? एकेका मास्तराला खोकला येऊ लागला. शेवटी विषय साळूबाईंच्या गळ्यात पडला.

साळूबाई म्हणजे साळिंदर. पहिलीच्या वर्गाला अक्षरे शिकवायच्या. त्यांच्यात खोड एकच होती. सांगितलेले काम त्या मनापासून करत.

त्यांनी पिल्लांना सांगितले, की तुम्हाला जे कळत नाही ते विचारा. पिल्लांना वाटले, ही काहीतरी नवी शिक्षा आहे. बरेच दिवस कोणी तोंड उघडले नाही. मग एकदा टिकली नावाची चितळाची पोर उभी राहिली.

"बाई, पाणवठ्यावर आधी वाघोबा पितात, मग बिबटे, मग लांडगे. आमची पाळी येते तेव्हा नुसता चिखल असतो. आम्हीच शेवटी का?"

साळूबाईंचे काटे उभे राहिले. जन्मभर त्याही तोच चिखल पीत आल्या होत्या, आणि हे त्यांच्या कधी मनातच आले नव्हते. त्यांना लाज वाटली.

"मला माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. "चल, कोणाला तरी विचारू."

दोघींनी रानडुकरांना विचारले, सशांना विचारले, म्हाताऱ्या कासवाला विचारले. उत्तर कोणाकडेच नव्हते, पण प्रश्न सगळ्यांकडे राहिला. एके दिवशी चितळांचा कळप वाघाच्या आधी पाणवठ्यावर जाऊन उभा राहिला. कोणी पाण्याला तोंड लावले नाही. नुसते उभे राहिले. वाघाला तेवढे पुरले.

साळूबाईंना गुहेतून बोलावणे आले. घर झाडून, शेजारणीचा निरोप घेऊन त्या गेल्या. वाघाने त्यांना खाल्ले नाही. साळिंदर घशाखाली उतरत नाही, हे तो अनुभवाने शिकला होता. उलट त्याने तोंडभरून कौतुक केले.

"असा प्रश्न प्रत्येक पिल्लाला पडला पाहिजे," तो म्हणाला. "पुस्तकात घ्या."

आणि प्रश्न पुस्तकात गेला. 'चितळांनी पाणी शेवटी का प्यावे? पाच कारणे लिहा.' कारणे तरसाने काढून दिली. चिखलाने हाडे मजबूत होतात. चिखल चावून प्यावा लागतो, त्यामुळे दात बळकट होतात. वाट पाहिल्याने संयम येतो. मोठ्यांनी आधी चाखलेले पाणी निर्धोक असते. पाचवे कारण, वरील सर्व.

पिल्ले माना डोलावत घोकू लागली. आईबापांचा जीव भांड्यात पडला.

टिकली काही घोकेना. पाच वाक्ये पाठ करायला तुझे काय जाते, म्हणून आईने परोपरीने विनवले. टिकली म्हणाली, की प्रश्न माझा होता, मला खरेच उत्तर हवे आहे. परीक्षेत तिने लिहिले, 'मला अजून कळलेले नाही.'

साळूबाईंनी तो पेपर पुढ्यात घेतला. नोकरी गेली तर या वयात मुळे उकरत फिरावे लागणार होते. मग त्यांनी टिकलीला पैकीच्या पैकी गुण दिले.

तरस पोट धरून हसला. साळूबाईंना त्याने घरी बसवले आणि टिकलीचे नाव कमी केले.

इकडे वाघाला ती पाच कारणे भलतीच आवडली होती. पिल्लांच्या तोंडून ती ऐकायला तो रोज सकाळी शाळेत येऊन बसू लागला. राजा येतो म्हणून बिबटे येऊ लागले, बिबटे येतात म्हणून लांडगे. सकाळभर सारे जंगल शाळेत.

टिकलीला आणि साळूबाईंना सकाळी काहीच काम नव्हते. हिंडत हिंडत दोघी पाणवठ्यावर आल्या. तिथे चिटपाखरू नव्हते. पाणी निवळशंख होते. साळूबाईंना उभ्या आयुष्यात पहिल्यांदा पाण्याचा तळ दिसला.

लांबून शाळेतला गजर ऐकू येत होता. हाडे मजबूत होतात, हाडे मजबूत होतात.

"बाई, आपण आधी का नाही प्यायचं, ते अजून कळलंच नाही," टिकली म्हणाली.

"पिता पिता विचार कर," साळूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पाण्याला तोंड लावले.

तात्पर्य: मुलांनो, शाळा कधीही बुडवू नये. सगळेच बुडवायला लागलात, तर पाणवठ्यावर उगाच गर्दी होईल.