टोकाजी 'येतो' म्हणाला

एका जंगलात, बाळांनो, टोकाजी नावाचं एक साळिंदर होतं. अंगावर दीड हजार काटे होते, पण छंद एकही नव्हता. आणि त्या जंगलात हल्ली छंद नसलेल्याला कोणी विचारत नसे. म्हणून टोकाजीने नवशिक्यांच्या गुहाभ्रमण वर्गात नाव घातलं.

वर्ग एक वटवाघूळ घेत असे. सगळे त्यांना उलटे सर म्हणत.

"गुहेत जाताना तीन दिवे घ्या," उलटे सर फांदीला लटकून म्हणाले. "एकटे जाऊ नका. आणि घरी सांगून जा. परत आला नाहीत, तर कोणीतरी शोधायला येईल."

टोकाजी शहाणा विद्यार्थी. त्याने कपाळावर तीन काजवे बसवले. काजवे धरून चौघे झाले, म्हणजे सोबतीचाही प्रश्न मिटला. डोक्यावर अर्ध्या कवठाचा टोप चढवला आणि दारातून बायकोला हाक मारली.

"अगं, गुहेत येतो गं जाऊन."

चांगल्या घरातलं कोणी निघताना नुसतं 'जातो' म्हणत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

"या," शलाकाबाई म्हणाली, आणि तिने कंद उकडायला ठेवले.

गुहा तोंडाशी रुंद होती, पुढे अरुंद. टोकाजीचे काटे अंगाला चपटे बसले आणि तो सुळकन आत गेला. मग वाट संपली. तो मागे सरकू लागला, तसे दीड हजार काटे उलटे फिरून खडकात रुतले. आता हलेल तर शपथ.

टोकाजी घाबरला. खरंच फार घाबरला. पण घरी सांगितलं होतं, एवढा धीर होता.

संध्याकाळी काजवे कंटाळून निघून गेले. दुसऱ्या दिवशी उलटे सर चौकशीला घरी आले.

"येतो म्हणालेत," शलाकाबाई म्हणाली. "म्हणजे येतच असतील."

सरांचं समाधान झालं. त्यांनी हजेरीत टोकाजीपुढे 'वाटेत' असं लिहिलं.

पाचव्या दिवशी टोकाजी उपासाने इतका वाळला, की मोकळा होऊन मागच्या मागे बाहेर घसरला. रडत रडत घरी पोचला.

"आलात? कंद गार झालेत," शलाकाबाई म्हणाली.

टोकाजीच्या मनाला ते फार लागलं. यापुढे मोघम बोलायचं नाही, असं त्याने ठरवलं.

आठवड्याने तो दारात उभा राहिला आणि स्पष्ट म्हणाला, "जातो."

शलाकाबाईच्या हातातलं पातेलं पडलं. तिने असा हंबरडा फोडला, की हां हां म्हणता सगळं जंगल धावलं. हत्तीने दोर आणला. माकडांनी शिडी आणली. उलटे सर तर घाईत सुलटे होऊन आले. सगळ्यांनी टोकाजीचे पाय धरून त्याला फरफटत घरात आणलं. त्यात तीनशे काटे गेले.

बिचारा टोकाजी परसाकडे निघाला होता.

तात्पर्य: गुहेत जाण्याआधी घरी जरूर सांगावं, पण अभद्र सांगावं. चांगलं बोलून निघालेल्याला शोधायला कोणी येत नाही.