संचालकांच्या घरातला पातळ जाम

सहकारी साखर कारखान्याच्या संचालकाच्या घरी साखर कमी पडत नाही. सभासद म्हणून मिळालेली वेगळी, दिवाळीची वेगळी आणि गोडाऊनकीपरनं आदरापोटी पाठवलेली वेगळी, अशी पोती माळ्यावर चढतच असतात. मुंग्यासुद्धा अशा घराशी पिढ्यान्‌पिढ्या एकनिष्ठ राहतात. तेव्हा श्रीरामपूरच्या अलीकडच्या एका गावात, विद्यमान संचालक ज्ञानेश्वरराव यांच्या घरी, निवडणूक तोंडावर आलेली असताना कमी साखरेचा जाम तयार व्हावा, ही बाब साधी नव्हती.

झालं असं, की ज्ञानेश्वररावांना शुगर निघाली होती. श्रीरामपुरात दाखवावं, तर दवाखान्याच्या बाकावर निम्मे सभासद बसलेले. म्हणून ते पाटबंधाऱ्याच्या कामाचं निमित्त सांगून पार नाशिकला रक्त तपासून आले. साखर कारखान्याच्या संचालकाला शुगर असणं म्हणजे तालमीच्या वस्तादाला धाप लागण्यासारखं. घरच्यांपलीकडं कुणाला पत्ता लागू दिला नाही. डॉक्टरांनी गोड तोडलं. माणूस जन्मभर भाकरीवर गूळ-तूप घेतल्याशिवाय ताटावरून न उठणारा. आता जेवण झाल्यावर रिकाम्या ताटाकडं नुसताच बघत बसायचा. सून निकिताला ते बघवेना.

तिनं मोबाईलवर फ्रेंच पद्धतीचा जाम शोधून काढला. बागेतल्या पिकल्या पेरूंच्या बिया काढून फोडी थोड्याशा साखरेत आणि लिंबाच्या रसात मुरत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सुटलेला रस आधी आटवला, मग फोडी टाकल्या, आणि गार बशीत टाकलेला थेंब जेमतेम सुरकुतला की गॅस बंद केला. बाजारच्या जामसारखा तो घट्ट गोळा नव्हता. चमच्यावरून सावकाश ओघळायचा, आणि तोंडात आधी पेरू यायचा, साखर मागून. डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, दिवसाला अर्धा चमचा, त्याच्यावर नाही.

तो अर्धा चमचा सासऱ्यांनी भाकरीच्या कडेकडेनं पुरवून पुरवून खाल्ला. "पोरी, लई दिसांनी जेवलो," म्हणाले, आणि उपरण्यानं डोळे पुसले.

गोष्ट इथंच थांबती तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण सासूबाईंना, म्हणजे रतनबाईंना, सुनेचं भारी कौतुक. त्यांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून याच जामच्या बाटल्या वाटल्या. आलेल्यांत छबूबाईही होत्या. त्यांचे यजमान गोरक्षनाथ ज्ञानेश्वररावांच्याच जागेसाठी गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेले. छबूबाईंनी दारातच बाटलीत बोट घालून चाटलं.

"अगं बाई, ह्याच्यात साखर घालायची राहिली का काय?"

"नाही काकू, कमीच घालतात. फ्रेंच पद्धत आहे," निकिता म्हणाली.

झालं. दिवेलागणीच्या आत गोरक्षनाथांनी गावाच्या ग्रुपवर टाकलं, की संचालकाच्या घरातच साखरेवर बहिष्कार. त्यांचं गणित बिनतोड होतं. सुनेनं साखर कमी घातली. तिचं बघून गाव कमी घालणार, गावाचं बघून तालुका. मग साखरेला उठाव नाही, उठाव नाही म्हणून भाव नाही, आणि भाव नाही म्हणून उसाला दर नाही.

"आनि फ्रान्सात साखर कशाची करत्यात, म्हाईत हाय का?" गोरक्षनाथ पारावर विचारू लागले. "बीटाची. आपल्या उसाच्या मुळावर उठलेला परदेशी डाव हाय ह्यो. पेरूच्या बाटलीतनं आत घुसलाय." लोक गंभीर झाले. बीटाचं खोटं आहे असं कुणालाच म्हणता येईना.

चेअरमनसाहेबांनी संचालक मंडळाची तातडीची बैठक बोलावली. चहाच्या दोन किटल्या आल्या. बिनसाखरेची संचालकांनी लगेच संपवली, साखरेची शिपायांच्या वाट्याला गेली. चेअरमनसाहेबांनी खिशातली गोळी पाण्याबरोबर घेतली, घसा साफ केला, आणि साखरेविषयी जनमानसात संशय निर्माण करणारी कोणतीही कृती मंडळ खपवून घेणार नाही, असं सांगितलं. सगळ्यांनी बिनसाखरेचे कप खाली ठेवून हात वर केले. चीफ केमिस्ट मार्तंडराव यांची एकसदस्यीय चौकशी समिती नेमण्यात आली.

समिती आपलं गोडी मोजायचं यंत्र घेऊन स्वयंपाकघरात दाखल झाली. काचेवर जामचा थेंब ठेवून मार्तंडरावांनी एक डोळा मिटला.

"सूनबाई, गोडीचं प्रमाण चिंताजनक आहे. शिवाय," त्यांनी बशी तिरकी केली, तसा जाम ओघळला, "हा स्वतःच्या पायावर उभा राहत नाही."

"चवीला कसा आहे?"

"चव समितीच्या कार्यकक्षेत येत नाही," असं म्हणून समितीनं बशी चाटूनपुसून लख्ख केली. एक बाटली नमुना म्हणून नेली, दुसरी फेरतपासणीसाठी. पुढच्या बैठकीत दोन्ही बाटल्या संचालकांनी बिस्किटांना लावून संपवल्या, आणि मग जाम एकमतानं दोषी ठरला. ज्ञानेश्वररावांनी प्रचारसभेत, मतदारांच्या समक्ष, आपल्या कारखान्याच्या साखरेचा पूर्ण गोडीचा जाम खाऊन निष्ठा सिद्ध करावी; अन्यथा पॅनेलची उमेदवारी गोरक्षनाथांना देण्यात येईल, असं ठरलं.

"तात्या, सांगून टाका ना सरळ," निकिता सासऱ्यांना म्हणाली. "शुगर आहे, खाणार नाही. त्यात लाजायचं काय?"

"आगं, समद्यांचा ऊस मी कारखान्याला न्यायचा, आनि मलाच साखर बाधती म्हनायचं? लोक तोंडावर हसतील. माझ्या बापापासनं ती खुर्ची आपल्या घरात हाय."

"खुर्चीवर बसायला माणूस लागतो, तात्या."

तात्यांनी सभेसाठी इस्त्रीचा सदरा काढायला सांगितला. निकिताला रडू आलं, रागही आला. तिनं तसला जाम करायला साफ नकार दिला. तेव्हा कारखान्याच्या गेस्ट हाऊसच्या आचाऱ्यानं केला, पेरूच्या दुप्पट साखर घालून. तो असा काही उभा राहिला, की पातेल्यातून सुरीनं कापून काढावा लागला. मार्तंडरावांनी त्याला योग्यतेचं प्रमाणपत्र दिलं.

सभा दणक्यात झाली. ठरला होता एकच चमचा. पण चेअरमनसाहेबांनी भरवल्यावर व्हाइस चेअरमनांचा मान कसा डावलायचा? मग गावोगावचे सभासद, मग वाहतूकदार, मग महिला आघाडी. जो तो म्हणे, आमच्या हातचा घ्याच. तात्या हात जोडत होते आणि गिळत होते. निकिता त्यांच्या कपाळावरचा घाम बघत होती, आणि तिच्या शेजारणी टाळ्या वाजवत होत्या. वारं फिरलेलं बघून गोरक्षनाथही स्टेजवर चढले. "तात्यांसाठी माघार घेतो," म्हणाले, आणि सगळ्यात मोठा घास त्यांनीच भरवला. ज्ञानेश्वरराव बिनविरोध झाले. हार घालायला लोक पुढं सरकले, तेव्हा तात्या खाली पडलेले होते.

शुद्ध आली ती दवाखान्यात. आता लपवायला काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत बजावलं, की या खेपेला वाचले, पुढच्या खेपेला वाचणार नाहीत, गोडाचा कणसुद्धा नको. सगळ्यांनी हळहळत माना हलवल्या आणि पिशव्यांतून बिनविरोध निवडीचे पेढे बाहेर काढले. खोलीच्या दाराशी उभी राहून निकिता एकेक खोका परत करत होती. पण चेअरमनसाहेबांना कोण अडवणार?

"शुगर काय, मलाबी हाय," ते पेढा पुढं करत म्हणाले. "आजकाल कुनाला न्हाई? एका पेढ्यानं काय हुतंय? शुभकामात न्हाई म्हनू ने."

तात्यांनी सुनेकडं पाहिलं, मग जमलेल्या लोकांकडं पाहिलं, आणि लोकांचा माणूस म्हणून तोंड उघडलं. निकितानं मध्ये हात घातला. "नका देऊ हो, पाया पडते," ती म्हणाली. सगळ्या खोलीनं तिच्याकडं असं बघितलं, की एवढ्या आनंदाच्या वेळी ही पोरगी इतकी कशी कडू.

आता त्या खोलीतल्या लोकांना तुम्ही नावं ठेवत असाल, तर जरा दमानं घ्या. मागच्या दिवाळीला तुमच्याकडं आलेल्या एका वयस्कर पाहुण्यानं "मला चालत नाही हो" म्हणत ताटलीवर हात आडवा धरला होता. तो हात प्रेमानं बाजूला सारून दुसरा लाडू कुणी वाढला होता?