वाघाचा पट्टा आणि गुरुजींचं एक मिनिट

एका जंगलात एक वाघ राहत होता. जंगलाचं नाव विचारू नका, मुलांनो. सांगितलं की तुमचे बाबा लगेच जीपचं बुकिंग करायला धावतील आणि गोष्ट राहील बाजूला.

वाघाचं नाव दणकटराव. एके काळी तो खरोखर दणकट होता. मग राजा झाला, बसून खायला लागला आणि पोट सुटलं. हरणामागे धावताना वाघ थांबला तरी पोट थोडं पुढे जाऊन थांबायचं. हरणं मागे वळून बघायची आणि हसायची. राजाला हसलेलं आवडत नाही.

त्याने डॉक्टर लांबचोचे यांना बोलावलं. हे डॉक्टर म्हणजे एक करकोचा. एका पायावर उभे राहून सल्ला द्यायचे, त्यामुळे फार विचारी वाटायचे.

"महाराज, काय खाता याला महत्त्व नाही," डॉक्टर म्हणाले. "कधी खाता याला आहे. संध्याकाळी सहा ते सात, एवढ्या वेळातच खायचं. बाकी दिवसभर तोंडाला कुलूप."

"आणि मधे भूक लागली तर?"

"काकडी."

वाघाने जन्मात काकडी पाहिली नव्हती. पण तसं म्हणणं राजाला शोभलं नसतं. त्याने मान हलवली.

आता सहा वाजले हे कळणार कसं? जंगलात घड्याळ नव्हतं. तेवढ्यात जंगल बघायला आलेल्या एका पाहुण्याच्या मनगटावरचा पट्टा जीपमधून खाली पडला. असला पट्टा तुम्ही पाहिला असेल. तुमच्या काकांकडे असतो. तो पावलं मोजतो, छातीचे ठोके मोजतो, झोप मोजतो आणि काका सोफ्यावर बसले की थरथरून 'उठा आता' म्हणतो. काका उठत नाहीत. फक्त दर दिवाळीला पट्टा नवीन घेतात.

वाघाने पट्टा उचलला. मनगट मोठं, पट्टा तोकडा. मग तो गुळवेलीने बांधला. चार्जिंगचं काय, असं कोण विचारतंय मागून? गोष्टीत चार्जिंग संपत नसतं. गप्प बसा.

तर गंमत अशी, की तो पाहुणा पार समुद्रापलीकडचा होता आणि आळशीही होता. इकडे येऊन त्याने पट्ट्यातली वेळ बदललीच नव्हती. त्यामुळे इथे सूर्य डोक्यावर आला की पट्ट्यात संध्याकाळचे सहा वाजायचे.

वाघ पट्टा बघायचा, 'जेवणाची वेळ झाली' म्हणायचा आणि भर दुपारी बाहेर पडायचा. बाहेर काय? जमीन तव्यासारखी तापलेली. हरणं झाडीत शिरून झोपलेली, वानरं शेंड्यावर, ससे बिळात. पंजे भाजले की वाघ परत फिरायचा. कधी ओढ्यात एखादा खेकडा मिळायचा, कधी तोही नाही. पट्ट्यात सात वाजले की तोंड बंद.

आणि खरी संध्याकाळ झाली, सगळं जंगल पाणवठ्यावर उतरलं, की पट्टा म्हणायचा मध्यरात्र. वाघ तिथेच काठावर पंजावर तोंड ठेवून पडलेला असायचा. त्याच्या नाकासमोर सांबरं पाणी प्यायची. तो डोळे मिटून घ्यायचा. डाएट म्हणजे डाएट. वाघ हावरट होता, पण शब्दाचा पक्का होता.

थोड्याच दिवसांत त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या.

"महाराज, किती बारीक झालात!" सांबरं म्हणायची. "चेहऱ्यावर तेज काय आलंय!"

तेज कसलं डोंबलाचं! डोळे खोल गेले होते. पण बारीक झालात म्हटलं की कोणालाही बरं वाटतं, अगदी मरायला टेकलेल्यालाही. वाघ मिशीतल्या मिशीत हसायचा.

या सगळ्यात सर्वांत सुखी होती गोदी. गोदी म्हणजे पाणवठ्यावरच्या जांभळीवर राहणारी वानरीण. तिचं आधीचं पोर याच वाघाने पाण्यावरून नेलं होतं. आता तिला छबी झाली होती. छबी रोज संध्याकाळी पाण्यात हात आपटून खेळायची आणि गोदी तिला खुशाल खेळू द्यायची. पोर जमिनीवर असताना आपल्याला भीती वाटत नाही, हे गोदीला अजून नवीन होतं. त्या पट्ट्यावर तिचा भारी जीव होता.

पण जंगलात एक जण असा होता ज्याला हे सुख बघवत नव्हतं. तो वाईट नव्हता हो. तो शिक्षक होता.

जांभळीच्याच खालच्या फांदीवर तुरेकर गुरुजी राहायचे. रानकोंबडा. जंगलातल्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. गोदीसुद्धा त्यांच्याच हाताखाली शिकलेली. गुरुजी उपाशी राहतील, थंडीत कुडकुडतील, पण चुकीची वेळ त्यांना सहन व्हायची नाही. कोणाच्या लग्नाला गेले तरी मुहूर्ताला नवरी मिनिटभर उशिरा आली म्हणून न जेवता परत यायचे.

एकदा पहाटे ते नेहमीसारखे आरवले. वाघाने पट्टा पाहिला आणि ओरडला, "गुरुजी, दुपारचे बारा वाजलेत. दुपारी कोण आरवतं?"

सगळं जंगल खो खो हसलं. गुरुजींचा तुरा खाली पडला. तो दिवसभर वर आला नाही.

संध्याकाळी ते गोदीला म्हणाले, "गोदे, मी महाराजांकडे चाललोय. पट्ट्यातली वेळ चुकीची आहे हे त्यांना कळायला हवं."

गोदीने त्यांची वाट अडवली. "कशाला गुरुजी? कोणाचं काय अडलंय?"

"अगं, चूक आहे ती!"

"असू दे ना. चूक आहे म्हणून माझी छबी खाली खेळतेय. बरोबर झाली की त्याची जेवायची वेळ आणि आपली पाण्यावर यायची वेळ एकच होईल. तुम्हीसुद्धा येताच की इथे किडे टिपायला."

"मी वेळेवर येतो, वेळेवर जातो," गुरुजी म्हणाले. "मला कसली भीती?"

आणि ते तुरुतुरु निघाले. गोदी छबीला पोटाशी धरून मागे धावली, पण तोवर गुरुजी वाघासमोर उभे राहून घसा खाकरत होते.

"महाराज, आपला पट्टा चुकतोय."

पाणी पिण्याचे आवाज एकदम बंद झाले.

"पट्टा चुकत नाही," वाघ म्हणाला. "परदेशी आहे."

"मग तो सूर्य बघा. मावळायला आलाय. आणि पट्ट्यात मध्यरात्र."

"सूर्य उशिरा धावत असेल."

"महाराज, आपण इतके दिवस संध्याकाळी नाही, भर दुपारी जेवायला उठताय!"

वाघ विचारात पडला. त्याचं डोकं सावकाश चालायचं. पोटाला मात्र आधी समजलं, ते मोठ्याने गुरगुरलं.

"तरीच," वाघ म्हणाला. "तरीच म्हटलं, सहा वाजता एवढं ऊन कसं!"

त्याने लगेच वेळ बरोबर करायला घेतली. पंजा दाबला. पट्टा थरथरला आणि त्यावर अक्षरं आली, 'अभिनंदन! आजचं पोहणं पूर्ण झालं.' पुन्हा दाबला. 'तुम्ही गाढ झोपेत आहात.' वाघ डरकाळी फोडून म्हणाला, "बोटं कोणाला आहेत रे?"

सगळ्यांनी गोदीकडे पाहिलं. त्या जंगलाची रीतच होती, बोटांचं काम निघालं की ते वानरांकडे. काटा काढायचा, गोचीड काढायचा, गाठ सोडायची, बोलवा गोदीला. ती मुकाट्याने पुढे आली. छबी तिच्या पोटाला घट्ट चिकटलेली होती. वाघाने आधी छबीकडे पाहिलं, मग गोदीकडे.

"वेळ बरोबर लाव," तो म्हणाला. "नाही लावलीस तर आज काकडीच्या जागी काय खायचं ते मी बघतो."

गोदीने बटण दाबून धरलं. आकडे लुकलुकायला लागले. "किती लावू?" तिने विचारलं.

"नऊ!" सांबर ओरडलं. "दहा!" हरणं ओरडली. "उद्या सकाळचे लावा!" ससा मागून म्हणाला.

"वेळेचं काय, प्रत्येकाच्या प्रकृतीप्रमाणे वेगळी असते," डॉक्टर लांबचोचे म्हणाले आणि हळूच उडून गेले.

"गुरुजी सांगतील ती!" वाघ गरजला.

गुरुजींनी एक डोळा मिटला. सूर्य पाहिला. टेकडीची सावली कुठवर आली ते पाहिलं. पट्टा आल्यापासून पहिल्यांदाच सगळं जंगल त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. त्यांचा तुरा ताठ झाला.

"आत्ता, या क्षणाला," गुरुजी म्हणाले, "बरोबर सहा."

गोदीने मान वर करून पाहिलं. पाण्याच्या कडेला सांबराची पाडसं उभी होती. ससा होता. गुरुजी होते. सहाचा आकडा दिसला की वाघ उठणार. ती एक एक आकडा पुढे नेत गेली आणि एक आकडा राहिला असताना थांबली. पाच वाजून एकोणसाठ मिनिटं.

"झालं, महाराज."

वाघाने पट्टा पाहिला. "अजून एक मिनिट आहे?"

"हो महाराज. एकच मिनिट."

वाघ बसला. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, पण तो बसला. डाएट म्हणजे डाएट.

मुलांनो, शाळा सुटायच्या आधीचं मिनिट तुम्हाला केवढं मोठं वाटतं ते आठवा. हे त्याच्या उलट होतं. पण पुरलं. सांबरं गेली, पाडसं गेली, ससा तर कधी गेला ते कोणाला दिसलंच नाही. गोदी दोन उड्यांत जांभळीवर चढली.

"गुरुजी, वर या!" ती ओरडली. "उडा, गुरुजी!"

गुरुजी जागचे हलले नाहीत. ते मान लांब करून पट्ट्याकडे बघत होते. आधी कौतुकाने बघत होते. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"गोदे," ते म्हणाले, "हे चुकलंय."

"गुरुजी, पाया पडते तुमच्या, आधी वर या."

"मी सहा सांगितले होते. तू मिनिटभर मागे लावलंस. शाळेतही अशीच होतीस. बेरजेत हातचा विसरायचीस."

वाघाचे कान उभे राहिले. "मागे आहे? म्हणजे खरे किती वाजलेत?"

"सहा, महाराज!" गुरुजी म्हणाले. "सहा वाजून गेलेसुद्धा!"

"नक्की?"

"आयुष्यात माझी वेळ कधी चुकलेली नाही."

आणि खरंच, त्या दिवशीही ती चुकली नव्हती.

वाघाने पिसंसुद्धा काढली नाहीत.

गोदी फांदीवर बसून ढसाढसा रडली. चिडून रडली, प्रेमाने रडली. तिच्या हातात एकच मिनिट होतं आणि ते तिने सगळ्यांना दिलं होतं, गुरुजींनाही. ते घेऊन वर यायचं सोडून त्यांनी ते तपासलं. छबी तिचे डोळे पुसत होती आणि गोदी म्हणत होती, "हातचा विसरले नव्हते हो मी, गुरुजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाघाने तिला पुन्हा बोलावलं.

"तो कोंबडा म्हणाला होता मिनिटभर मागे आहे. तेवढं नीट कर. आता बरोबर वेळेशिवाय मला चैन पडत नाही."

गोदीने बटण दाबून धरलं. आकडे लुकलुकायला लागले. तिने ते एक मिनिट पुढे केलं, आणि मग हात होताच तिथे म्हणून आणखी पुष्कळ पुढे केले.

"झालं?"

"झालं, महाराज."

"बरोबर?"

"अगदी गुरुजींच्या वेळेला लावलंय."

नाही म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. दुपारी सूर्य डोक्यावर आला, पट्ट्यात सहा वाजले आणि वाघ बाहेर पडला. पंजे भाजले तेव्हा तो क्षणभर थबकला. "ऊन जरा जास्तच नाही का?" त्याने विचारलं.

"महाराज, ही गुरुजींची वेळ आहे," झाडीतून सांबर म्हणालं. "गुरुजी कधी चुकले होते का?"

वाघाला ते पटलं. पट्ट्यावर त्याने शंका घेतली असती, पण गुरुजींवर? गुरुजींची वेळ बरोबर असते याची त्याने कालच स्वतः चव घेऊन खात्री केली होती. तो ओढ्याकडे खेकडा शोधायला गेला.

नंतर पाणवठ्यावर गुरुजींची शोकसभा झाली. अध्यक्ष डॉक्टर लांबचोचे. शाळेला गुरुजींचं नाव द्यायचा ठराव झाला. डॉक्टर एका पायावर उभे राहून वेळेचं महत्त्व या विषयावर इतके बोलले की पाडसं झोपली. वाघही आला होता, जवळच पंजावर तोंड ठेवून पडला होता. पट्टा मध्यरात्र म्हणत होता आणि छबी पाण्यात हात आपटत होती.

शेवटी सगळे एक मिनिट शांत उभे राहिले. मिनिट मोजायचं काम गोदीकडे आलं, बोटं तिचीच होती ना. सगळे उभे राहिले आणि उभेच राहिले. पाय दुखायला लागले, सूर्य टेकडीआड गेला, तरी गोदी 'बसा' म्हणेना. तिच्याने ते मिनिट संपवलं जाईना. इतकं लांबलेलं मिनिट त्या जंगलात कोणी पाहिलं नव्हतं, पण ते चुकीचं आहे असं म्हणायला कोणाचीही चोच उघडली नाही.

तात्पर्य: मुलांनो, नेहमी खरं बोलावं, पण आधी झाडावर चढावं. चढायला वेळ नसेल आणि वाघाने विचारलंच किती वाजले, तर नम्रपणे म्हणावं, "आपल्या घड्याळात किती झालेत, महाराज? मग तेवढेच झालेत."