नानांच्या समुद्रातला फुकट्या

नानांच्या घरात काहीही नवीन न्यायचं असेल तर आधी उंबऱ्याबाहेर थांबावं लागतं. मागे मी मेथीची जुडी घेऊन गेलो, तर त्यांनी खिशातून बॅटरी काढली, भर दुपारी तिच्या उजेडात एकेक काडी उलटीपालटी केली, एक हिरवी अळी चिमटीत धरली आणि तिला म्हणाले, "चल, उतर खाली."

नानांचा जन्म एसटीत तिकिटं तपासण्यात गेला. भोकरदनच्या गाडीत नाना चढले की फुकटे लोक झोपेचं सोंग घ्यायचे, आणि नाना त्यांना सोंगासकट उतरवायचे. निवृत्त झाल्यावर माणसानं पारावर बसावं, चार गप्पा हाणाव्यात. नानांनी समुद्र आणला. उन्हाळ्यात टँकरचा हॉर्न वाजला की आम्ही घागरी घेऊन पळतो, आणि हा माणूस त्याच गावात फिल्टरच्या पाण्यात विकतचं मीठ कालवून काचेच्या टाकीत समुद्र करून बसलाय. त्यात दगडांना चिकटलेली प्रवाळं. दिसायला झाडं, पण ते प्राणी असतात. ही माहिती मला नानांनीच दिली, मी विचारलेली नसताना.

नवं प्रवाळ संभाजीनगरहून थर्माकोलच्या खोक्यात एसटीच्या पार्सलनं येतं. त्याच्या दगडाच्या भोकांत न बोलावलेले जीव लपून येतात. केसाळ किडे, प्रवाळ कुरतडणाऱ्या गोगलगायी, खेकडे. खोकं आलं की नाना मला हाक मारतात, कारण माझं कापडाचं दुकान नेमकं त्यांच्या समोर आहे. गिऱ्हाईक सोडून जायचं, खिडक्यांना चादरी लावून अंधार करायचा, बॅटरी धरायची. नाना प्रवाळ औषधाच्या पाण्यात बुचकळतात, टूथब्रशनं दगड घासतात आणि मग महिनाभर त्याला वेगळ्या टबात ठेवतात. मी एकदा वैतागून म्हणालो, "नाना, पोलीस भरतीत तरी एवढी तपासणी नसती."

"एक जरी आत गेला ना सोपान, तर मासा खल्लास," नाना म्हणाले. "मंग आक्कानं काय करावं?"

मासा एकच आहे. केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचा, अंगठ्याएवढा. त्याच्यासमोर नानांच्या थोरल्या बहीण, आक्का, दिवसभर खुर्ची टाकून बसलेल्या असतात. आई लवकर गेली, नानांना आक्कांनीच वाढवलं. नानांनी लग्न केलं नाही, आक्का विधवा होऊन राजूरहून इथं आल्या. आता त्यांना कुणीच ओळखू येत नाही. नानांनासुद्धा त्या 'पाहुणे' म्हणतात. बोलतात फक्त त्या माशाशी, काचेला तोंड लावून, पुटपुटत. मासाही त्यांचं बोट जाईल तिकडे जातो. त्याला काही झालं तर आक्का कायमच्या गप्प होतील, ही नानांची धास्ती. खरं सांगायचं तर माझीही.

त्या दिवशी पार्सल उंबऱ्याशी ठेवून नाना आंघोळीला गेले. पार्सलमधला पाहुणा दारात ताटकळलेला आक्कांना बघवेना. त्या माणसं विसरल्या होत्या, रीत विसरल्या नव्हत्या. त्यांनी भाकरतुकडा ओवाळून बाहेर टाकला, खोक्यातली पाण्याची पिशवी फोडली आणि प्रवाळ दगडासकट सरळ टाकीत नेऊन ठेवलं. दारातला तुकडा आणि फरशीवरचं खारं पाणी बघून आम्ही हे नंतर जुळवलं.

नानांची हाक ऐकून मी अनवाणीच धावलो. नाना टॉवेलवर उभे होते.

"आक्कानं पाहुणा घरात घेतला. आता आयक."

टाकीतून आवाज आला. टक्. काचेवर नखानं टिचकी मारावी तसा.

"कोळंबीचा गुंड भाऊ हे ह्यो. एका ठोशात शिंपला फोडतो. मासा तर..."

आक्का नव्या दगडाचं कौतुक करत बोट नेमकं तिथंच नेत होत्या, आणि मासा बोटामागे.

"आक्का, इकडं ये बरं. चहा झाला," नाना शक्य तेवढ्या हळू आवाजात म्हणाले.

"थांबा पाहुणे, जल्दी काहून करून राह्यले?"

नानांनी सरळ कोपरापर्यंत हात टाकीत घातला.

"नाना, बोट फोडंल तो!"

"फोडू दे."

दगड बाहेर आला, बादलीत गेला. पण तो प्राणी दगडात आहे की टाकीत सुटला, हे कुणाला ठाऊक? नानांनी पंखा बंद केला, टाकीचा पंप बंद केला आणि काचेला कान लावला. मी बादलीला लावला. बाहेर भाजीवाला बोंबलत होता. त्याला मी मनातल्या मनात अशा शिव्या दिल्या की सांगायची सोय नाही. आवाज येईना. नानांनी डोळे मिटून घेतले होते.

टक्.

"माझ्याकडं! बादलीत!" मी असा ओरडलो की आक्का दचकल्या.

चौकातून सोड्याची बाटली आणली. आतला जीव गुदमरून बाहेर यावा म्हणून नानांनी सिरिंजनं सोडा दगडाच्या भोकात सोडला. फेस आला, आणि फेसामागून बोटभर हिरवा प्राणी बाहेर उडाला, पुढचे पाय छातीशी दुमडलेले, डोळे गरागरा फिरणारे. मी मागच्या मागे फरशीवर बसलो. नानांनी बादलीवर झाकण दाबलं. आता त्याला दम देतील असं मला वाटलं, पण झाकण तसंच दाबून धरत त्यांनी मान टाकीकडं वळवली.

टाकीत मासा दिसत नव्हता. आम्ही दोघंही हललो नाही. आक्कांनी काचेवर बोट टेकवलं आणि निवांत वाट बघत बसल्या. बऱ्याच वेळानं तो एका दगडाआडून आला. आक्कांनी काचेला तोंड लावलं.

त्या माशाशी काय बोलतात ते मला कधीच ऐकू आलं नव्हतं. पंपाची घरघर चालू असायची. आज घरात शांतता होती.

"बाळ्या," आक्का म्हणाल्या, "जेवला का रे?"

बाळ्या म्हणजे नाना. माझे वडील त्यांना याच नावानं हाक मारायचे. ते गेल्यावर त्या नावानं हाक मारणारं गावात कुणी उरलं नाही, असं मी समजत होतो.

नाना ओल्या टॉवेलवर, टाकीच्या मागं उभे होते. सकाळपासून त्यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

"जेवलो, आक्का," ते म्हणाले.

आक्का माशाकडं बघून हसल्या.